दवाखान्याची भिशी

विमा म्हणजे काय, हे आपल्याला पक्कं कळलंय असं मी वयाच्या चोविसाव्या वर्षी चारचौघींत छाती पुढे काढून सांगत असे. मला काडीचं कळलेलं नव्हतं. माझ्या त्या न कळण्यापायी आमच्या सासूबाईंचे डोळे जाता जाता राहिले, की त्या न कळण्यामुळेच ते वाचले, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मिरजेहून लग्न होऊन मी बंगळूरला आले ती मॅट्रिक पास होऊन. माहेरच्या गल्लीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर. सासरची मंडळी मराठीच, पण कित्येक पिढ्या इथं मुरलेली. कुणी पूर्वज घोड्यावर बसून इकडे आला आणि घोडा म्हातारा झाला म्हणून इथंच राहिला, एवढाच त्यांचा इतिहास मला सांगण्यात आला. घरात बोलणं मराठीत, पण आमटीत मीठ ‘स्वल्प’ कमी पडायचं आणि कुठल्याही वादाचा शेवट ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून व्हायचा. सासऱ्यांना अख्खी गल्ली अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. पहिल्या महिन्यात त्या ‘स्वल्प’ला मी तोंडाला पदर लावून हसत असे. आता माझी मिरजेची भाचरं माझ्या ‘स्वल्प’ला हसतात, आणि त्यांना पदरही नाहीत.

घर बसवनगुडीत होतं. आल्यावर वर्षभरात मी गल्लीतल्या बायकांची भिशी सुरू केली. शेजारच्या कानडी बायका तिला चीटी म्हणत, पण प्रकार तोच. प्रत्येकीनं दर महिन्याला पाच रुपये घालायचे, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एक काढायची आणि जिची निघेल तिला सगळी रक्कम. तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जायची नाही, हप्ता मात्र सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत भरत राहायचा. डबा आमच्याकडे असे, आणि चिठ्ठी निघाली की चिवडाही. चिठ्ठ्या मी लिहीत असे, कारण मॅट्रिक.

या भिशीला अक्कांनी एक रीत घालून दिली होती. जिची चिठ्ठी निघेल तिनं मोठ्यानं विचारायचं, “कुणाची नड मोठी आहे का गं?” कुणाच्या लेकीचं बाळंतपण आलेलं असे, कुणाच्या घराचं छप्पर गळत असे. मग आपला नंबर तिला द्यायचा आणि आपण मागं थांबायचं. अक्कांची चिठ्ठी कधीही निघो, त्या तो नंबर कुणाला तरी देऊन टाकत आणि दरवेळी शेवटचा घेत. शेवटचा नंबर म्हणजे त्यांचं पाटावरचं स्थान होतं जणू. मला तो निव्वळ भोळेपणा वाटे, कारण मला पहिल्याच नंबराला मैसूर सिल्कची साडी घ्यायची असे.

अण्णा एका मोठ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. साठ साल उजाडलं त्या सुमाराला त्यांची पंचावन्न पुरी झाली. हार, नारळ, घड्याळ आणि एक इंग्रजी कागद एवढं घेऊन ते कारखान्याच्या बसमधून शेवटचे उतरले. कागद दवाखान्याचा होता. नोकरी होती तोवर कारखान्याचं इस्पितळ घरच्यांना फुकट होतं. आता निवृत्त माणसांसाठी वेगळी योजना होती. माणशी वर्षाला बारा रुपये वर्गणी, नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. निवृत्तीनंतर महिन्याच्या आत नाव घालायचं आणि मग दरवर्षी त्याच महिन्यात वर्गणी भरायची. एखादं वर्ष चुकलं तर मागचं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थांबता येण्यासारखी ऑपरेशनं पहिल्या वर्षात नाहीत, दुसऱ्या वर्षापासून. औषधाच्या किमतीतला चौथा हिस्सा आपला आणि चष्मा, दात हे पुरते आपल्या खिशातले.

“यांचं एकट्याचं घाला,” अक्का म्हणाल्या. “मला काय धाड भरलीय? आणि दुखणं नसताना दवाखान्यात पैसे ठेवून यायचे म्हणजे दुखण्याला घरी अक्षत देऊन आल्यासारखंच.”

“अगं, तसं नाही ते,” अण्णांनी सुरुवात केली. पण पैशांच्या बाबतीत अण्णांचा शब्द आमच्या घरात चालत नसे. त्यांनी एकदा बोनसचे पैसे एका चीटी कंपनीत घातले होते आणि त्या कंपनीचा मालक दिवाळीच्या आधी दुकानाला कुलूप लावून परागंदा झाला होता. तेव्हापासून पैशाचं बोलणं निघालं की अक्का त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघत. राहिले आमचे हे. यांची बस सातची, पण पैशाचा विषय निघाला की हे साडेसहालाच घराबाहेर पडत.

तेव्हा कागद माझ्याकडे आला. मी तो दोनदा वाचला, त्यातले निम्मे शब्द गाळले आणि उरलेल्या निम्म्यांवरून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“अहो अक्का, ही तर भिशी आहे!”

“भिशी?”

“नाहीतर काय! सगळे निवृत्त लोक वर्षाचे पैसे घालणार. ज्याचा नंबर लागेल त्याला इस्पितळ मिळणार. एकच नाव घातलं तर आपली एकच चिठ्ठी. दोन नावं घातली तर दोन चिठ्ठ्या.”

अक्कांचा चेहरा एकदम सैल झाला. “मग तसं सांगायचं की. भिशी असेल तर सरी. माझंही घाला.”

“भिशी नव्हे गं ती,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा,” अक्का खिडकीकडे बघत म्हणाल्या.

आता बघा, ती भिशी नव्हती. पण भिशी म्हटल्याशिवाय अक्कांचं नाव त्या योजनेत कधीही पडलं नसतं. माझ्या अडाणीपणाचे मी पुढं पुष्कळदा आभार मानले, त्यातला हा पहिला प्रसंग.

नाव घालायला अण्णांबरोबर मी गेले. माझ्याशिवाय व्यवहार होणार नाही अशी माझी खात्री होती. खिडकीमागं एक कारकून बसला होता. त्याचं लक्ष कॉफी आणणाऱ्या माणसाच्या वाटेकडे. अण्णांनी चोवीस रुपये ठेवले, त्यानं दोन कार्डं लिहिली, शिक्का मारला. मी अण्णांच्या खांद्यावरून डोकावून माझ्या त्या वेळच्या मोडक्या कानडीत विचारलं, “आमचा नंबर कधी लागेल?”

“कसला नंबर?”

“पैसे घातले ना? मग आमचा नंबर कितवा?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं. अण्णा छताकडे पाहत होते. “अम्मा,” तो म्हणाला, “तुमचा नंबर कधीच न लागो असं देवाला सांगा.”

मी जी तापले! आमचे पैसे घेऊन वर आम्हालाच शाप? बसमध्ये घरापर्यंत मी अण्णांना ऐकवत आले की हा माणूस नक्की खालच्या खाली नंबर विकतो. त्या बिचाऱ्यानं एका वाक्यात मला सगळा विमा समजावून सांगितला होता. अण्णांनी फक्त एकदा “हं” म्हटलं.

त्या पहिल्या वर्षी मी वसुलीच्या मागं लागले. नंबर लागत नाही तोवर निदान वर्गणीपुरतं तरी परत यावं, हा माझा विचार. अण्णा शिंकले की दवाखाना. अण्णांनी पायरी चढताना ‘हुश्श’ केलं की दवाखाना. कारखान्याचा दवाखाना गावाच्या पार पूर्वेला, दोन बसेस बदलून जायचं. तिथून लाल औषधाची बाटली आणायची, त्यातला चौथा हिस्सा आपण भरायचा, वर बसचं भाडं. वर्षाच्या शेवटी फळीवर बाटल्यांची रांग लागली होती आणि वसुलीच्या नावाखाली मी वर्गणीपेक्षा जास्त पैसे बसच्या कंडक्टरला दिले होते. अण्णांना काहीही झालेलं नव्हतं. ते ती औषधं तुळशीत ओतत, हे मला तुळस वाळल्यावर कळलं.

वर्ष संपलं, वर्गणीचा महिना परत आला, आणि मी जाहीर केलं की हे बंद. नंबर नाही, चिठ्ठी नाही, साधा चिवडा नाही. असली कसली भिशी? चोवीस रुपयांत घरात किती गोष्टी येतील, त्याची यादी माझ्या तोंडपाठ होती.

या वेळी मला अडवलं ते अक्कांनी. त्या पहिल्यांदाच माझ्यावर खऱ्याखुऱ्या रागावलेल्या मी पाहिल्या.

“भिशी मधेच सोडतात? बाकीच्यांनी काय करायचं? ज्यांचा नंबर लागायचाय त्यांचे पैसे कुठून यायचे? आपल्याला मिळालं नाही म्हणून हप्ता चुकवायचा? माहेरी हेच शिकलीस?”

“अहो, पण अक्का...”

“उद्या जाऊन भर. यांना पाठवू नकोस. तू जा.”

मी गेले, भरले. तोच कारकून. मी त्याच्याशी बोलले नाही. चोवीस रुपये असे सरकवले की जणू त्याच्या बापाचं देणं होतं. आज वाटतं, त्या खिडकीशी थांबून त्याला नमस्कार करायला हवा होता. कारण वर्गणीत खंड पडला असता तर पुढं जे झालं त्यात आमच्या हातात काहीच राहिलं नसतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या भातात खडे लागायला लागले. आधी एखादा, मग घासागणिक. मी रेशनच्या दुकानात जाऊन भांडले. असली भांडले की दुकानदारानं पुढच्या खेपेला स्वतः पाखडून तांदूळ दिले. तरी खडे. मग मी दुकान बदललं. तरी खडे. आमचे हे म्हणाले, “बंगळूरचे खडे स्वल्प चिवट असतात.” तांदूळ निवडायचं काम अक्कांचं होतं. रोज दुपारी सूप मांडीवर घेऊन त्या निवडत बसत, बोटं सफाईनं चालत. फुलं ओवीत, त्यातही कधी गाठ चुकली नाही. त्यामुळं कुणालाही, आणि विशेषतः माझ्यासारख्या हुशार बाईला, काही सुचलं नाही.

एका सकाळी कॉफीच्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले. अक्का पितळी फिल्टरमध्ये उकळतं पाणी ओतत होत्या. म्हणजे ओतत होत्या फिल्टरच्या शेजारी. पाण्याची धार ओट्यावरून खाली, त्यांच्या पायाच्या बोटांवर. त्या हलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, फक्त दुसऱ्या हातानं चाचपून फिल्टर कुठं आहे ते बघितलं आणि धार तिकडे वळवली.

“अक्का, तुम्हाला दिसत नाहीये.”

“दिसतं की.”

“मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलेय?”

त्यांनी चाचपून फिल्टरवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, “तुला शोभत नाही त्या रंगाचं.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा दारामागं जाऊन रडले. खडे त्यांना दिसत नव्हते आणि मी गावभर दुकानदारांशी भांडत हिंडत होते. वर्षभर त्या बोटांच्या अंदाजावर घर चालवत होत्या. मंगळवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला जात, तेव्हा तो रस्ता शेतांमधून जायचा. त्या एकट्या जात आणि बांधावरून पायांच्या सवयीनं परत येत. डोळ्यांसाठीच जात होत्या, हेही तेव्हा कळलं.

कारखान्याच्या इस्पितळात दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन थंडीत करू, ते दिवस चांगले. अजून लांबवाल तर दिसेलच याची मी खात्री देत नाही. कार्ड पाहिलं, दुसरं वर्ष चालू आहे ना, मग काही अडचण नाही, तारीख घेऊन जा. बाहेरच्या इस्पितळात हेच करायचं तर अक्कांच्या पाटल्या विकाव्या लागल्या असत्या आणि अक्कांनी आंधळं राहणं पत्करलं असतं, पाटल्या काढल्या नसत्या.

मी आनंदानं घरी आले. “अक्का, नंबर लागला!”

अक्का शांतपणे म्हणाल्या, “येलहंक्याच्या वहिनींना दे.”

मला आधी कळेचना. अण्णांचे कारखान्यातले एक मित्र येलहंक्याला राहत. तेही निवृत्त, तेही योजनेत. त्यांच्या पत्नीला पोटात खडा झाला होता. “त्या रात्रभर कळवळतात म्हणे,” अक्का म्हणाल्या. “माझं काय, दुखत तर नाही. त्यांची नड मोठी. त्यांचा होऊ दे आधी. मी शेवटी घेईन.”

मी हातातलं कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं.

“अक्का, ती भिशी नाही हो.”

“तूच म्हणालीस.”

“मी चुकले.”

“तेव्हा चुकलीस की आता चुकतेस?”

मी समजावलं, की त्यांचंही ऑपरेशन होईल आणि तुमचंही होईल. एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं अडत नाही. इथं डब्यात एकच रक्कम नसते. अक्का म्हणाल्या, “पैसे सगळ्यांचे तेच ना? मग एकाला दिले की दुसऱ्याला कमी पडणारच. हे काय मला मॅट्रिक होऊन कळायला हवंय?” अण्णांनी समजावलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या, आता खिडकीही दिसत नसताना. आमच्या ह्यांनी एका रविवारी धीर करून समजावलं, तर त्यांना म्हणाल्या, “तुझी बस नाही का आज?”

थंडी सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ येऊ लागली. अक्का सकाळी कॉफी करायला उठत आणि मी त्यांच्याआधी उठून फिल्टर लपवत असे, एवढाच आमचा संवाद उरला. भिशी हा शब्द मी उच्चारला नसता तर बरं झालं असतं, असं रोज वाटे. आणि उच्चारला नसता तर अक्कांचं कार्डच नसतं, हेही रोज आठवे. दोन्ही विचार एकाच फिल्टरमधून गाळून मी कॉफी करत असे.

शेवटी एका दुपारी अक्काच म्हणाल्या, “एवढं असेल तर चिठ्ठी काढा. माझी आली तर जाते. दुसऱ्या कुणाची आली तर पुन्हा मला विचारायचं नाही.”

“चिठ्ठी? घरी?”

“भिशीचा डबा आपल्याच घरी असतो ना? लिही सगळ्यांची नावं. येलहंक्याच्या वहिनींचं विसरू नकोस.”

मी आत गेले. जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, मागची कोरी बाजू बघून चौकोनी तुकडे केले, सारख्या घड्या घातल्या. डबा काढला, चिठ्ठ्या टाकल्या, खडखडवला. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. अक्कांनी देवाच्या दिशेला हात जोडले, डब्यात हात घातला, बराच वेळ ढवळलं आणि एक चिठ्ठी काढून माझ्या आवाजाच्या रोखानं पुढं केली.

“वाच.”

मी उलगडली. “तुमचीच.”

वर्तमानपत्रामागं अण्णांना खोकला आला.

“माझी?” अक्कांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “माझी कशी पहिल्याच खेपेला? आण, पुन्हा काढते.”

“नाही नाही नाही,” मी डबा ओढून पोटाशी धरला. “चिठ्ठी एकदाच. रीत म्हणजे रीत.”

“रीत माझीच आहे,” अक्का पुटपुटल्या. “मग विचार. कुणाची नड मोठी आहे का?”

आणि मी काही बोलायच्या आत अण्णांनी पेपर खाली केला. आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं न बोललेला माणूस. “आहे,” ते म्हणाले. “माझी. मला तू दिसतेस, तुला मी दिसत नाही. संसाराला चाळीस वर्षं झाली. मला काही बरं वाटत नाही ते.”

अक्कांनी खिडकीकडे तोंड वळवलं. “सरी,” म्हणाल्या.

तेव्हाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे सोपं प्रकरण नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं तर नाहीच. अण्णा सकाळी येऊन त्यांच्या उशाशी बसत ते संध्याकाळपर्यंत. पेपर वाचून दाखवत, किमतींसकट जाहिराती वाचत. मी डबा घेऊन जाई. बाहेरच्या बाकावर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं बसलेली असत. कुणाच्या हाताला पट्टी, कुणी औषधाच्या रांगेत, कुणी नुसतेच अण्णांशी बोलायला आलेले. एक दिवस मी डबा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसले होते आणि माझ्या मनात आलं, की यांच्यातला कुणीही गेल्या दोन वर्षांत इथं आला नसेल, तरी त्याच्या बारा रुपयांतून आमच्या अक्कांच्या उशाशी वाळूची पिशवी ठेवलेली आहे. त्याला ते माहीतही नाही. त्याला अक्का कोण तेही ठाऊक नाही. मी डब्यातला चिवडा काढून बाकावरच्या सगळ्यांना वाटला. त्यांना वाटलं, स्टोअरकीपरची सून जरा वेडसर आहे. अक्कांना त्या दिवशी चिवडा मिळाला नाही, पण तो त्यांना तसाही चालणार नव्हता.

येलहंक्याच्या वहिनी पलीकडच्याच वॉर्डात होत्या. त्यांचं ऑपरेशन अक्कांच्या आधीच होऊन गेलं होतं. त्या हळूहळू चालत येऊन अक्कांजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “अक्का, तुमच्या सुनेनं सांगितलं, तुम्ही मला नंबर देत होता म्हणून. आता दोघींचंही झालं. बघा, कुणाला कमी पडलं नाही.” अक्का पट्टीखालून म्हणाल्या, “हसवू नका, हसायचं नाही मला.” पण त्यांचा हात वहिनींच्या हातावर कितीतरी वेळ होता.

चष्म्याचे पैसे आपले होते. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा तो चष्मा काही स्वस्त नव्हता. त्या महिन्यात भिशीची चिठ्ठी समोरच्या कानडी मामींची निघाली. त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, “कुणाची नड मोठी?” आणि कुणी काही बोलायच्या आत ती रक्कम माझ्या ओंजळीत ठेवली. मैसूर सिल्कचा विचार मला आला नाही असं म्हणणार नाही. आला आणि गेला.

चष्मा आला त्या दिवशी अक्कांनी तो चढवला, डोळे मिचकावले, घरभर बघितलं. आधी अण्णांकडे. “पिकलात हो,” म्हणाल्या. मग माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. माझे डोळे भरून आलेले.

“तू एवढी जाड कधी झालीस?”

संक्रांतीच्या आधी घर झाडायला काढलं. अक्कांना आता कोपऱ्याकोपऱ्यातलं दिसत होतं आणि त्याची शिक्षा मी भोगत होते. मी स्वयंपाकघरात तीळ भाजत होते. बाहेरून हाक आली, “अगं, इकडे ये.”

अक्का जमिनीवर बसल्या होत्या. समोर भिशीचा डबा उघडा. त्या महिन्याच्या चिठ्ठ्यांखाली, तळाला घातलेल्या कागदाखाली, त्या दुपारच्या चिठ्ठ्या तशाच होत्या, माझ्या निष्काळजीपणानं. अक्कांनी एक एक उलगडून ओळीनं मांडल्या होत्या. सगळ्या कोऱ्या.

“हे काय?”

“शाई उडाली असेल,” मी म्हणाले.

“सगळ्यांची?”

मी कढईच्या काळजीनं आत पळायला लागले. त्यांनी पदर धरला. “त्या दिवशी तू लबाडी केलीस ते मला तेव्हाच कळलं होतं. इतक्या वर्षांत कधी माझी पहिली निघालीय? पण मला वाटलं होतं, निदान सगळ्या चिठ्ठ्यांवर माझं नाव तरी लिहिलं असशील. तेवढेही कष्ट नाहीत! फसवायचं तर माणसानं नीट फसवावं.”

“तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून...”

“म्हणून आळस?”

मला हसू आवरेना, आणि त्यांनाही. आता हसायला डॉक्टरांची बंदी नव्हती. तीळ करपले. त्या वर्षीचे तिळगूळ गल्लीत सगळ्यांनी ‘स्वल्प कडू’ म्हणून खाल्ले.

वर्गणीचा महिना आला की पहिल्याच दिवशी अक्का स्वतः त्या खिडकीशी जात. ज्यानं भिशी उचलली त्यानं पुढचा हप्ता चुकवायचा नसतो, हे त्यांचं गणित. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी त्या कार्डाचा उपयोग केला नाही. तरी शेवटपर्यंत भरत राहिल्या, आणि भरून आल्या की तृप्त दिसत. “आता कुणाचं तरी होईल,” म्हणत. मी किती वाचलं, किती शिकले, पण विमा म्हणजे काय ते मला त्या चेहऱ्यावरून कळलं. आता मी व्हाइटफील्डला नातवाकडे असते. तो दरवर्षी माझा विमा भरतो आणि चिडतो, “आजी, या वर्षीही फुकट गेले गं पैसे.” मी मनातल्या मनात त्या कारकुनाला नमस्कार करते आणि नातवाला सांगते, की माझा नंबर न लागो असं देवाला सांग.

हां, त्या चिठ्ठ्यांचं राहिलं. मी त्या केरात टाकायला उचलल्या तर अक्कांनी माझ्या हातातून काढून घेतल्या. जाड चष्म्यातून एकेक नीट पाहून पुन्हा घडी घातली, डब्यात टाकली, झाकण लावलं. बाहेर आरामखुर्चीत अण्णा कंबर धरून बसले होते. महिनाभर त्यांची कंबर धरलेली होती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की, “मला काय धाड भरलीय?” म्हणत होते.

अक्कांनी आवाज खाली आणला. “राहू देत,” म्हणाल्या. “यांच्या वेळी लागतील.”